काही न केल्याबद्दल

"काय म्हणाला तो? पुन्हा सांग."

"बाई, दोनदा सांगून झालं."

"तिसऱ्यांदा सांग. वय झालं माझं. ऐकू कमी येतं."

उजगरेबाईंना ऐकू अजिबात कमी येत नव्हतं. आत्ताच समोरच्या घरात फोडणी तडतडली, तेव्हा त्या स्वतःशीच "आज यांची आमटी लवकर" म्हणाल्या होत्या. पण संग्राम खोतला हे लक्षात घ्यायला वेळ नव्हता. तो ओसरीवरच्या वेताच्या खुर्चीत अगदी कडेला बसला होता, एस.टी.त तिसरी सीट मिळालेल्या माणसासारखा. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात नवे बूट आणि चेहरा मात्र उतरलेला.

"तो म्हणाला, 'सरांनी काय केलं न्हाई बघा.'"

"अस्सं."

"'नुसते समोर उभे राह्यचे,' म्हणाला. 'हात मागं बांधून.'"

"आणि?"

"'सगळं माझं मीच केलं,' म्हणाला. आणि वर हसून पुरस्काराच्या तिन्ही परीक्षकांना एकेक विडा दिला."

बाईंनी तोंडाला पदर लावला. पण डोळ्यांना पदर लावता येत नाही, आणि डोळे हसत होते.

"विडा कसा होता?" त्यांनी विचारलं.

"बाई..."

"नाही, विडा कसा जमला होता? सुटला तर नाही?"

"नाही सुटला," संग्राम म्हणाला. मग अभिमान लपवता न आल्यामुळे पुढे म्हणाला, "लवंग बरोबर मधोमध टोचली होती. लकवा झालेल्या हातानं."

बाईंनी मान डोलावली.

उजगरेबाईंनी सगळी हयात व्यवसायोपचार शिकवण्यात घालवली. आजारानं किंवा अपघातानं ज्याचे हात अडले, त्याला शर्टाचं बटण लावायला, भात कालवायला, आपला रोजचा उद्योग पुन्हा आपल्या हातांनी करायला शिकवायचं, ही ती विद्या. निवृत्त झाल्यावर त्या मिरजेला, चर्चच्या मागच्या गल्लीत, वडिलांच्या छोट्याशा घरात येऊन राहिल्या. विद्यार्थी राज्यभर पसरलेले. कुणी कुठे अडलं की इथे येऊन ओसरीवर बसायचं. त्यांना कुणी शिष्य म्हटलेलं बाईंना खपत नसे. "शिष्य म्हटलं की मला दक्षिणा मागावीशी वाटते," असं त्या म्हणत.

संग्राम हा त्यांचा शेवटच्या तुकडीतला विद्यार्थी. हुशार, कामाला वाघ, आणि त्याला हे दोन्ही पक्कं ठाऊक होतं.

"बाई, तांबोळीचाचांनी माझा घात केला," तो म्हणाला.

"दस्तगीर तांबोळी ना? स्टँडसमोरची पानपट्टी?"

"तेच. उजवा हात मेला होता त्यांचा. मुलं म्हणत होती, पानपट्टी विकून टाकू. आज त्याच हातानं विडे बांधतात. परीक्षकांना दाखवायला माझ्याकडं याहून चांगला पेशंट नव्हता. आणि त्यांनी विचारलं, 'खोत सरांनी तुमच्यासाठी काय केलं?' तर हे महाराज म्हणतात, काय केलं न्हाई."

"मग तू काय केलं होतंस?"

संग्राम याचीच वाट बघत होता. तो बोटांवर मोजत बोलू लागला.

"पान हाताजवळ यावं म्हणून त्यांची फळी उतरती मी करून घेतली. ते घसरू नये म्हणून खालच्या कडेला पट्टी मी ठोकली. चुन्याची काडी बारीक होती, बोटांत धरता येत नव्हती, तिला जाड मूठ मी बसवली. काताचं भांडं डावीकडनं उजवीकडं मी आणलं, म्हणजे हात आपोआप पुढं जावा. रविवारी टपरी बंद असताना मुलाकडनं किल्ली घेऊन आत बसून केलंय सगळं."

"त्याला माहीत आहे?"

"कसं असणार? त्यांच्या देखत नाही केलं. तुम्हीच शिकवलंय, माणसासमोर त्याच्या अडचणीचं प्रदर्शन मांडायचं नाही."

"मग त्या काडीबद्दल त्याला काय वाटतं?"

संग्राम जरा थांबला.

"त्यांना वाटतं... काडी आधीपासूनच जाड होती."

आता मात्र बाईंना पदर पुरला नाही. त्या मोठ्यांदा हसल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा हसल्या. संग्रामला राग आला. बाईंवर रागावता येत नव्हतं म्हणून तो आपल्या नव्या बुटांवर रागावून बघत बसला.

खरं म्हणजे राग यायला एक तांबोळी पुरेसा नव्हता. हा राग बरीच वर्षं साठत आला होता, आणि त्याला कारण 'व्यवसायोपचार' हा शब्द.

संग्रामच्या खोलीवर दवाखान्यानं पाटी लावली होती, 'व्यवसायोपचार विभाग'. पाटी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ आले. खुर्ची ओढून बसले, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "डॉक्टर, कापडाचं दुकान आहे. धंदा पार बसलाय. काय उपचार असेल तो करा." संग्रामनं परोपरीनं समजावलं. गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि उठताना विचारलं, "मेव्हणा भागीदार आहे. त्यालापण घेऊन येऊ का?"

त्या दिवसापासून दवाखान्यातले लोक त्याला धंद्याचे डॉक्टर म्हणू लागले. नात्यातल्या बायका लग्नात भेटल्या की गुडघा पुढे करायच्या, "जरा चोळून दे की." सासरे चारचौघांत "आमचे जावई फिजिओ" असं सांगायचे, आणि संग्रामनं दुरुस्ती केली की "तेच ते" म्हणायचे. तेच ते नव्हतं. पण सांगायचं कुणाला?

"मला तो पुरस्कार पाहिजे, बाई," तो म्हणाला. "सरळ सांगतो. पाहिजे."

राज्याच्या संघटनेचा उत्कृष्ट व्यवसायोपचारकाचा पुरस्कार होता तो. शाल, श्रीफळ आणि पितळेची ढाल. गुरुवारी परीक्षक येऊन गेले होते, आज पाचला मुंबईत त्यांची बैठक होती आणि नाव आजच ठरणार होतं.

"शाल पाहिजे का श्रीफळ?" बाईंनी विचारलं.

"ढाल."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं. बाई हसायच्या थांबल्या.

"ढाल कशाला?"

खालच्या आवाजात, आणि त्या आवाजाबरोबर आपोआप गावच्या बोलीवर घसरत, तो म्हणाला,

"आमच्या घरच्या सोप्यातली भिंत तुमी बघितली न्हाई. सगळी दादाच्या ढालींनी भरलीया. दादा पैलवान. कोपऱ्यात त्याच्या गदा. आण्णा, माझे वडील, वस्ताद, अर्ध्या तालुक्यातली पोरं त्यांच्या मातीत तयार झाली. मी पास होऊन घरी गेलो त्या दिवशी आण्णांनी दादाच्या ढालींच्या शेजारी एक खिळा ठोकला. म्हणाले, 'हा धाकट्याचा.'"

"मग?"

"अजून मोकळाच आहे. आई त्याला दळणाची पिशवी अडकवते."

बाई हसल्या नाहीत.

"दिवाळीला पाहुणे येतात. विचारतात, हा खिळा कशाचा? आण्णा म्हणतात, 'असू दे. येईल.' चिडले असते तर बरं झालं असतं. चिडत न्हाईत, तेच लागतं. धाकटा काय करतो असं कुणी विचारलं तर म्हणतात, 'दवाखान्यात असतो. काहीतरी हाताचं करतो.' काहीतरी, बाई. माझ्या बापाला म्हाईत न्हाई मी काय करतो ते."

समोरच्या घरातली आमटी उकळायला लागली होती. तिचा वास ओसरीवर आला.

"आण्णा तालमीत काय करतात?" बाईंनी विचारलं.

"आता वय झालं त्यांचं."

"आधी काय करायचे?"

"काही नाही तसं. आखाड्याच्या कडेला उभे राह्यचे. हात मागं बांधून. पोरगं चुकलं की 'हं' म्हणायचे. दादा सांगतो, त्यांनी कधी अंगाला हात लावून डाव शिकवला न्हाई. पण ते उभे असले की डाव बसायचा..." आणि पुढच्याच श्वासात म्हणाला, "बाई, तुम्ही एक फोन करा."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"...कुणाला?"

"साखळकर मॅडमना. त्या अध्यक्ष आहेत समितीच्या, तुमच्या विद्यार्थिनी. तुमचा शब्द त्या मोडणार नाहीत. तांबोळीचाचा काय म्हणाले ते सोडून द्या, मी काय काय केलं ते तुम्ही त्यांना सांगा. फळी, पट्टी, मूठ, सगळं. पाचच्या आत सांगितलं पाहिजे."

"एवढंच ना?"

"एवढंच."

"करते. आधी चहा घेऊ."

संग्रामनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेचार होऊन गेले होते. पण बाईंच्या घरी चहाला नाही म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

बाई आत जाऊन किटली घेऊन आल्या. त्यांच्या उजव्या हाताला अलीकडे कंप होता. किटलीचं झाकण खुळखुळत होतं. त्यांनी कप जवळ ओढला, किटली तिरकी केली, तोटी कपावरून इकडून तिकडे फिरू लागली, थोडा चहा बशीत सांडला, आणि...

संग्राम ताडकन उठला. त्यानं बाईंच्या हातातून किटली काढून घेतली.

"द्या, मी ओततो."

बाईंनी किटली सोडली. त्या खुर्चीत बसल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोर बघू लागल्या.

संग्रामनं दोघांचा चहा ओतला.

"साखर घाल," बाई म्हणाल्या.

त्यानं साखर घातली.

"ढवळ."

त्यानं ढवळली. कप त्यांच्यापुढे ठेवला. बाईंचे हात मांडीवरून हलले नाहीत.

"आता पाज."

"...काय?"

"पाज की. सुरुवात केलीस ती अर्ध्यावर कशाला सोडतोस? मग तोंड पूस. मग संध्याकाळी येऊन वेणी घाल. तू नोकरी सोड, मी स्वयंपाकघर सोडते."

संग्रामच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो कपाशेजारी तसाच उभा राहिला. बाईंच्या वर्गात पहिल्या दिवशी, हाडांची आणि शिरांची नावं यायच्याही आधी, एकच गोष्ट शिकवली जायची. दोन्ही हात पाठीमागे न्यायचे, डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरायचं आणि पेशंट धडपडत असताना तिथेच उभं राहायचं. पोरं त्याला बाईंची बेडी म्हणायची. पाणी सांडेल, बटण सुटेल, पेशंटच्या कपाळावर घाम येईल, त्याची बायको आपल्याकडे दगडाच्या काळजाचा माणूस म्हणून बघेल, पण बेडी सोडायची नाही. माणूस पडतोय असं दिसलं तरच सोडायची. चहा सांडतोय म्हणून नाही.

"चुकलं, बाई," तो म्हणाला.

"चहा चांगला ओतलास," बाई म्हणाल्या. त्यांनी कप उचलला, तो थरथरत तोंडाशी नेला आणि मजेत एक घोट घेतला. थोडा चहा पदरावर पडला. तिकडे त्यांनी बघितलंही नाही.

बाईंचा चहा संपेपर्यंत दोघंही बोलले नाहीत. घड्याळ मात्र बोलत होतं आणि संग्राम ते ऐकत होता.

"बाई, फोन..."

"हो, हो. करते ना. कबूल केलंय."

बाईंचा फोन खिडकीशी होता, जुना, बटणांचा. मोबाईल त्यांनी ठेवला नव्हता. "नंबर सांगू का?" संग्रामनं विचारलं. "पद्मजा साखळकरचा नंबर मला पाठ आहे," बाई म्हणाल्या आणि रिसीव्हर कानाशी धरून उजव्या हाताचं बोट पुढे केलं.

बोट बटणांवर घिरट्या घालू लागलं. एक बटण दाबलं गेलं. दुसरं. तिसऱ्याला बोट थरथरलं आणि शेजारचंही दाबलं गेलं.

"चुकलं," बाई म्हणाल्या, रिसीव्हर ठेवला, पुन्हा उचलला.

संग्राम उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. पावणेपाच.

बाईंनी पुन्हा सुरुवात केली. या खेपेला त्या शेवटापर्यंत पोचल्या. पलीकडे कुणीतरी उचललं.

"पद्मजा?... नाही? मग कोण?... चक्की? अच्छा. गव्हाची का मिरचीची?... दोन्ही एकाच जात्यावर नाही ना दळत?... वेगळं आहे ना, मग बरं. राँग नंबर हं. ठेवते."

"बाई," संग्राम म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"माणूस चांगला होता," बाई म्हणाल्या आणि पुन्हा पहिलं बटण शोधू लागल्या.

आता संग्रामचे हात त्याचे राहिले नाहीत. नंबर त्यालाही पाठ होता. रिसीव्हर घ्यायचा, भरभर बटणं दाबायची, बाईंच्या कानाला लावायचा. चूळ भरायला लागतो तेवढाही वेळ लागला नसता. बाई रागावल्या असत्या, पण फोन लागला असता. पाचनंतर साखळकर मॅडम बैठकीत जाणार, फोन बंद करणार, आणि दळणाची पिशवी आणखी एक वर्ष त्या खिळ्यावर लोंबणार. त्याचा उजवा हात वर आला. अगदी बाईंच्या मनगटापर्यंत आला.

बाईंनी वर पाहिलं नाही. त्यांचं सगळं लक्ष बटणांवर होतं. ओठ जरा पुढे आले होते, कपाळावर एक आठी पडली होती. हा चेहरा संग्रामनं हजारदा पाहिला होता. चुन्याची काडी पहिल्यांदा धरताना तांबोळीचाचांचा चेहरा असाच झाला होता. पहिली लवंग टोचताना तर ओठ असेच पुढे आले होते. लवंग दहादा खाली पडली असेल, शेजारी बसलेली चाची "अहो, तुम्ही टोचा की" म्हणून त्याच्यावर ओरडली होती, आणि अकराव्या खेपेला की कितव्या कुणास ठाऊक, लवंग जागेवर बसल्यावर चाचांनी वर मान करून त्याच्याकडे जे पाहिलं होतं...

संग्रामचा हात खाली आला. पाठीमागे गेला. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, घट्ट, बोटं पांढरी पडेपर्यंत.

तो तसाच उभा राहिला.

बाईंचं बोट एका बटणावरून घसरलं. त्यांनी रिसीव्हर ठेवला. पुन्हा उचलला. घड्याळाचा मोठा काटा बाराकडे निघाला होता. संग्रामनं घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. तो बाईंच्या बोटाकडे बघू लागला, आणि बघता बघता ढाल, परीक्षक, पाच वाजता काय होईल, हे सगळं त्याच्या डोक्यातून निघून गेलं. बोटाला कुठे आधार हवाय तेवढंच त्याला दिसत होतं. करंगळी फोनच्या कडेला टेकली तर बोट कमी हलेल, असं त्याच्या मनात आलं. तो बोलला नाही. नुसता घशातल्या घशात म्हणाला,

"हं."

बाईंनी त्याच्याकडे एक तिरका कटाक्ष टाकला. करंगळी फोनच्या कडेला टेकवली. बोट सावरलं. एकेक करून सगळी बटणं दाबली गेली.

पलीकडे घंटी वाजली.

"पद्मजा? उजगरे बोलतेय... बैठकीला चाललीस ना, म्हणूनच केला. ऐक. मिरजेच्या संग्राम खोतबद्दल सांगायचं होतं."

संग्रामनं श्वास रोखला.

"तुम्ही त्या तांबोळीला भेटलात. तो म्हणाला ना, की यानं काही केलं नाही म्हणून?... हो. मी पण तेच सांगायला फोन केलाय. तो म्हणतो ते खरं आहे. यानं काही केलेलं नाही."

"बाई..." संग्रामच्या तोंडून बाहेर पडलं.

"आत्ता इथेच उभा आहे माझ्याजवळ," बाई फोनवर म्हणाल्या. "मी कधीपासून हा नंबर लावतेय. चक्कीवाल्याशी ओळख झाली तेवढ्यात. पुरस्कार हातचा चाललाय त्याचा, रडकुंडीला आलाय. आणि तरी काही करत नाहीये बघ... हो, बेडी. अजून सोडली नाही त्यानं."

संग्रामला तेव्हा कुठे कळलं की त्याचे हात अजून पाठीमागेच आहेत.

पलीकडून काहीतरी आवाज आला. हसण्याचा होता की खोकल्याचा, संग्रामला समजलं नाही. बाईंनी "बरं" म्हटलं, "सुपारी कमी खा" म्हटलं आणि रिसीव्हर जागेवर ठेवला. पहिल्या खेपेला तो नीट बसला नाही. दुसऱ्या खेपेला बसला.

घड्याळात पाचचे ठोके पडले.

संग्राम खुर्चीत येऊन बसला. हसावं की रडावं हे त्याला ठरवता येईना, म्हणून त्यानं गार झालेल्या चहाचा राहिलेला घोट घेतला.

"काय म्हणाल्या मॅडम?"

"म्हणाली, ऐकलं."

"म्हणजे?"

"तेवढंच म्हणाली."

"बाई, खरं सांगा. तुम्ही मला पुरस्कार मिळवून दिलात का घालवलात?"

बाई बशीत सांडलेला चहा फडक्यानं पुसत होत्या. हात थरथरत होता, त्यामुळे चहा पुसला कमी आणि पसरला जास्त जात होता. संग्राम बघत होता. त्याचे हात मांडीवर होते आणि तिथेच राहिले.

"मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "समिती मी थोडीच आहे."

"आणि समजा नाही मिळाला? दिवाळीला जायचंय मला. आण्णा पुन्हा म्हणणार, असू दे, येईल. काय सांगू त्यांना? की मी चांगलं काम केलं, पण ते कुणाला दिसलं नाही?"

बाईंनी फडकं बाजूला ठेवलं. समोरच्या घरातून ताटं मांडल्याचा आवाज येत होता.

"त्या भिंतीवर ढाली कुणाच्या?" त्यांनी विचारलं.

"दादाच्या. सांगितलं ना."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"आखाड्याच्या कडेला कोण उभं असायचं?"

"आण्णा..."

संग्रामनं आपल्या हातांकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं.

बाई उठल्या. त्यांनी रिकामी किटली उचलली, झाकण खुळखुळवत आत निघाल्या, आणि उंबऱ्याशी थांबून, मागे न वळता म्हणाल्या,

"दिवाळीची वाट कशाला बघतोस? आजच जा. आणि आण्णांना विचार, त्या भिंतीवर त्यांचा खिळा कुठला."